ब्रूस ली यांचा ‘पद्धतीत अडकू नका’ हा विचार कराटेच्या वर्गात कसा लावावा?

कृष्णाकाठ (सांगली) – प्रश्न

नमस्कार. मी सांगलीत विश्रामबाग भागात संध्याकाळी कराटेचा वर्ग घेतो. वर्गातली बरीच मुले आसपासच्या गावांतून शिक्षणासाठी शहरात आलेली आहेत, आणि गावाकडे असताना त्यांतल्या काहींनी तालमीत मेहनत केलेली असल्यामुळे त्यांच्या अंगात कुस्ती आधीच मुरलेली असते. तासगाव तालुक्यातल्या अशाच एका मुलाने मला पेचात टाकले आहे. कुमितेमध्ये, म्हणजे जोडीदाराशी होणाऱ्या लढतीत, समोरून ठोसा आला की मागे सरून हाताने तो अडवायचा, असे मी शिकवतो. हा मुलगा मात्र गुडघे वाकवून त्या हाताखालून आत शिरतो आणि थेट कंबर धरतो. नियमाप्रमाणे मी त्याला थांबवतो, पण समोरच्याचा ठोसा त्याला लागलेला नसतो, हेही मला स्पष्ट दिसते. मध्यंतरी त्याने मला विचारले, की सर, जे उपयोगी असेल ते घ्या आणि निरुपयोगी असेल ते टाका असे ब्रूस ली सांगतात, मग माझ्या उपयोगाचे आहे तेच तुम्ही मला का टाकायला लावता?

मुलगा उद्धट नाही आणि प्रश्नही खोटा नाही, म्हणून येथे विचारतो आहे. ली यांनी नेमके काय नाकारले? काता (जोडीदाराविना, ठरावीक क्रमाने करायच्या हालचाली) नाकारले, शैली नाकारली, की शिकवण्याची एक विशिष्ट रीत नाकारली? आणि ते नाकारण्यापूर्वी त्यांनी स्वतः काय आणि किती शिकून घेतले होते? शिवाय चित्रपटांचा भाग वजा केला, तर त्यांच्या अंगी प्रत्यक्ष कौशल्य कोणते होते आणि त्यातले वर्गात शिकवता येण्याजोगे काय आहे, हेही जाणकारांनी सांगावे. पाण्यासारखे व्हा, हा उपदेश मला पाठ आहे. तो भिंतीवर लावून कोणाला ठोसा मारता येत नाही, तेव्हा कृपया त्याच्या पलीकडचे लिहावे.

अजिंक्यतारा (सातारा)

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर कालक्रमाने पाहिले तरच नीट लागते, कारण ली यांची वचने फिरवणारे बहुतेक लोक त्यांचे आयुष्य शेवटाकडून सुरुवातीकडे वाचत असतात. ली यांचा जन्म २७ नोव्हेंबर १९४० रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे झाला, पण ते वाढले हाँगकाँगमध्ये, आणि तेथे वयाच्या तेराव्या-चौदाव्या वर्षी ते इप मान यांच्याकडे विंग चुन ही चिनी युद्धकला शिकू लागले. प्रत्यक्ष सराव बराचसा वाँग शुन लेउंग या वरिष्ठ शिष्याच्या हाताखाली झाला, आणि हे वाँग इमारतींच्या गच्च्यांवर होणाऱ्या खुल्या लढतींसाठी प्रसिद्ध होते. म्हणजे मुळात पाया होता तो एका अत्यंत काटेकोर शैलीचा. नाक, गळा, छाती आणि बेंबी यांवरून जाणारी एक काल्पनिक उभी रेषा मानायची, कोपरे आत ठेवायची, मूठ त्या रेषेवरूनच जवळच्या वाटेने सोडायची, आणि ज्या हाताने समोरच्याचा हात बाजूला सारायचा त्याच हाताने त्याच क्षणी मारायचे, ही विंग चुनची शिस्त आहे. १९५९ मध्ये ली अमेरिकेला गेले तेव्हा ते अठरा वर्षांचे होते आणि ही शिस्त त्यांच्या कोपरांत बसलेली होती. नंतर त्यांनी जे काही टाकले, ते या भांडवलातून टाकले.

टाकण्याची सुरुवात वाचनातून झाली नाही, ती एका लढतीतून झाली. १९६४ च्या अखेरीस ओकलंड येथे वाँग जॅक मॅन या कुंग फू शिक्षकाशी त्यांची बंद दाराआड लढत झाली. ती किती वेळ चालली आणि तिचा निकाल काय लागला याच्या हकिगती दोन्ही बाजूंनी वेगवेगळ्या सांगितल्या जातात. ली यांच्या बाजूचे लोक ती तीन मिनिटांत जिंकल्याचे सांगतात. मला त्या वादात रस नाही. महत्त्वाचे हे, की जिंकल्याचे सांगणारा माणूसच स्वतःवर नाराज होता. प्रतिस्पर्धी मागे पळू लागला तेव्हा जवळून मारण्यासाठी घडवलेले विंग चुनचे ठोसे त्याच्यापर्यंत पोहोचेनात, आणि पाठलाग करताना दमही उखडला. यातून दोन गोष्टी निघाल्या. एक म्हणजे शैलीबाहेर पडून अंतर आणि पावले यांचा शोध, ज्यासाठी त्यांनी मुष्टियुद्ध आणि पाश्चात्त्य तलवारबाजी यांचा अभ्यास केला. दुसरी म्हणजे दमसासाची मेहनत, धावणे, दोरीवरच्या उड्या, वजने, आणि या सगळ्याच्या वहीत रोजच्या नोंदी. १९६७ मध्ये त्यांनी आपल्या रीतीला जीत कुन दो असे नाव दिले, आणि १९७० मध्ये सिअ‍ॅटल, ओकलंड आणि लॉस एंजेलिस येथील आपल्या तिन्ही शाळा बंदही केल्या, कारण विद्यार्थी त्यालाही एक शैली समजून घोकू लागतील अशी त्यांना धास्ती वाटत होती. हाँगकाँग, ओकलंड आणि मग शाळांना कुलूप, हा क्रम आपल्या त्या विद्यार्थ्याला जरूर सांगावा.

काता त्यांना नकोच होते, यात शंका नाही. ठरावीक क्रमाच्या हालचालींच्या सरावाला ते कोरड्या जमिनीवर पोहायला शिकण्याची उपमा देत. परंतु एकच सरळ ठोसा पुन्हा पुन्हा मारून घासून काढण्याला त्यांचा विरोध नव्हता. उलट त्यांच्या वहीतल्या नोंदी अशाच कंटाळवाण्या कामाने भरलेल्या आहेत. त्यांचा आक्षेप होता तो ज्यात समोरचा माणूसच नाही अशा सरावाला.

आता कौशल्याविषयी. लाँग बीच येथील १९६४ च्या कराटे स्पर्धेतले एक इंचावरून मारलेल्या ठोशाचे प्रात्यक्षिक सर्वांना ठाऊक असते. पाय, कंबर, खांदा, कोपर आणि मनगट यांची ताकद एका क्षणात एकामागोमाग सोडण्याचा तो उत्तम नमुना आहे, पण समोरचा माणूस स्थिर उभा असल्यामुळे मला त्याचे फारसे कौतुक नाही. खरे काम पुढच्या हाताच्या सरळ ठोशात आहे. मुष्टियोद्धा सहसा आपला जोरकस हात मागे राखतो. ली यांनी तो पुढे आणला, म्हणजे उजव्या हाताच्या माणसाने उजवी बाजू पुढे ठेवून उभे राहायचे, कारण जे हत्यार लक्ष्याच्या जवळ असते त्याला वाट कमी लागते. शिवाय ठोसा सुटताना खांदा मागे जाता कामा नये, श्वास ओढला जाता कामा नये, भुवईसुद्धा हलता कामा नये. पायाच्या आधी हात निघतो आणि पाय टेकण्याच्या आत लागतो. आपल्या वर्गात हे तपासणे सोपे आहे. दोन मुलांना हाताच्या अंतरावर समोरासमोर उभे करावे, एकाने हात उघडा धरावा आणि दुसऱ्याने त्याला स्पर्श करावा. ज्याचा खांदा आधी बोलतो त्याला हात सापडत नाही.

लढण्याच्या विचाराचा गाभा म्हणजे वाटेत गाठणे. आधी अडवायचे आणि मग मारायचे, असे दोन ठोके त्यांना मान्य नव्हते. समोरचा हल्ल्यासाठी निघतो त्याच क्षणी आपला ठोसा त्याच्या आधी पोहोचला पाहिजे. तलवारबाजीत ही युक्ती जुनी आहे आणि ली यांनी ती तेथूनच उचलली. या कसोटीवर पाहिले तर आपला तासगावचा विद्यार्थी मागे सरत नाही, तो समोरच्याच्या चालीतच आपली चाल घालतो, म्हणजे तो ली यांच्या विचाराच्या आपल्यापेक्षा जवळ उभा आहे, असे नम्रपणे सुचवतो.

लाल माती (कवठेपिरान)

वरचे विवेचन चांगले आहे, तरी एक गोष्ट प्रथम बोलून टाकतो. आम्ही हिंदकेसरी मारुती माने यांच्या गावचे लोक. ज्याने मैदान मारले नाही त्याच्या नावाचा एवढा गाजावाजा आमच्या पचनी सहज पडत नाही. हाँगकाँगमध्ये १९५८ साली शाळांच्या मुष्टियुद्ध स्पर्धेत मिळवलेले विजेतेपद सोडले, तर ली यांच्या नावावर नियम, पंच आणि प्रेक्षक असलेल्या लढती नाहीत. त्यामुळे ते जगातले सर्वश्रेष्ठ लढवय्ये होते, असल्या गप्पांत मी पडणार नाही. मात्र मेहनत कशी करावी हे त्यांना कळत होते, आणि त्यातला एक भाग त्यांनी आपल्याच मातीतून नेला होता, हे मुलांना जरूर सांगावे.

गामा पैलवानांविषयीचे लेख ली यांनी वाचले होते आणि त्यांचे जोर व बैठका स्वतःच्या व्यायामात घेतल्या होत्या. गामांनी १९१० साली लंडनला जाऊन पोलंडच्या झ्बिस्को या मल्लाला अडीच तासांहून अधिक काळ खाली दाबून ठेवले, आणि पुढे १९२८ मध्ये पतियाळा येथे त्यालाच एका मिनिटाच्या आत आस्मान दाखवले. तो दम आणि ती ताकद यंत्रांवर कमावलेली नव्हती. जोर मारताना कंबर वर असते, मग छाती मातीला लागेल अशी खाली घासत पुढे काढायची, मान उचलायची आणि पुन्हा मागे जायचे. यात खांदे, दंड, पाठीचा कणा आणि मांडीच्या मागच्या शिरा एकाच वेळी ताणल्या जातात आणि ताणलेल्या अवस्थेतच काम करतात. नुसता जोर वाढतो पण अंग आखडते, ही वजनांच्या व्यायामाची तक्रार येथे राहत नाही. झटक्याने हात सोडणाऱ्या माणसाने हा व्यायाम का उचलला असेल, हे तालमीत वाढलेल्या कोणालाही समजावून सांगावे लागत नाही.

दुसरी गोष्ट खडाखडीची. विंग चुनमध्ये चि साव नावाचा सराव असतो, त्यात दोघे जण एकमेकांच्या हातांना हात चिकटवून फिरवत राहतात आणि दाब कोठे वाढला, कोठे सुटला हे कातडीने ओळखतात. आमच्याकडे खडाखडीत हेच घडते. एक हात समोरच्याच्या मानेवर, दुसरा त्याच्या मनगटावर, कपाळ कपाळाला भिडलेले, आणि डोळ्यांना दिसते ती फक्त माती. त्याचे वजन पुढच्या पायावर आले हे आपल्याला त्याच्या मानेतून कळते, आणि कळल्यावर विचार करायला बसलात तर पट (समोरच्याचा पाय धरून ओढण्याचा डाव) निघत नाही. हूल देऊन त्याला पाय पुढे टाकायला लावणे आणि त्याच पायाचा पट काढणे हा आमचा पहिल्या वर्षाचा धडा आहे. ली यांच्या हल्ल्याच्या प्रकारांतही समोरच्याला मुद्दाम जागा उघडी दाखवून बोलावण्याचा एक प्रकार आहे, असे मी वाचले आहे, आणि तो मला अगदी घरचा वाटला.

आता माझा मतभेद. ली यांच्या रीतीत डोळ्यात बोटे घालणे, गुडघ्यावर लाथ मारणे असे प्रकार आहेत, आणि स्पर्धेच्या नियमांवर त्यांचे चाहते फार टीका करतात. पण जो डाव जोडीदारावर रोज पूर्ण ताकदीने मारता येत नाही, तो तुमच्या अंगी बसला की नाही हे तुम्ही कशावरून सांगणार? जपानच्या जिगोरो कानो यांनी हा प्रश्न ली यांच्या कितीतरी आधी सोडवला होता. १८८२ साली कोदोकान ही ज्युदोची शाळा स्थापन करताना त्यांनी जुन्या जुजुत्सूमधले जिवावर बेतणारे प्रकार मोकळ्या लढतीच्या सरावातून वगळले, आणि जे उरले ते रोज पूर्ण जोर लावून, विरोध करणाऱ्या जोडीदारावर करून घेतले. डाव कमी झाले, पण खेळणारे तरबेज झाले. वगळलेले प्रकार त्यांनी कातामध्ये जपून ठेवले. तेव्हा काता ठेवावे की टाकावे यावर डोके शिणवू नका. जे खरोखर मारता येत नाही त्यासाठी काता असू द्या, आणि जे मारता येते ते कातात कोंडून ठेवू नका. ली यांनाही शेवटी डोक्याचे आणि छातीचे संरक्षक साहित्य आणि हातमोजे चढवूनच पूर्ण ताकदीची लढत घ्यावी लागली, हे त्यांच्या चाहत्यांनी लक्षात ठेवावे. आमच्याकडे रोज संध्याकाळी वयाने आणि वजनाने जुळणारी जोड धरली जाते आणि जो हरतो तो माती झटकून पुन्हा उभा राहतो. या एका गोष्टीमुळे आमच्या पोरांत अंगातले खोटे फार दिवस टिकत नाही.

वाचनवेडी (मिरज)

तत्त्वज्ञानाच्या बाजूने थोडे लिहिते, कारण ली यांच्या नावावर खपणाऱ्या वाक्यांचा सुळसुळाट झाला आहे. त्यांची टिपणे त्यांच्या मृत्यूनंतर १९७५ मध्ये पुस्तकरूपाने आली. ती बहुतांशी १९७० मधल्या आजारपणात लिहिलेली होती, आणि त्यांत मुष्टियुद्ध व तलवारबाजीच्या पुस्तकांतून, तसेच तत्त्वचिंतक जे. कृष्णमूर्ती यांच्या लेखनातून उतरवून घेतलेले उतारे जागोजागी आहेत. अभ्यासू माणूस स्वतःसाठी वही करतो तशी ती वही आहे. मालकाने ती छापायला दिलेली नव्हती. त्यामुळे एखादे वाक्य ली यांचे म्हणून उद्धृत करण्याआधी ते त्यांना आवडलेले वाक्य असू शकते, एवढे भान ठेवले पाहिजे. तासगावच्या मुलाने सांगितलेले वाक्यही त्याच दृष्टीने वाचावे, कारण त्याच्या अलीकडे स्वतःच्या अनुभवाचा शोध घ्या अशी अट आहे आणि पलीकडे स्वतःचे असे काही त्यात घाला अशी सूचना आहे. दोन्ही वगळून मधले तेवढे उचलले, की ते आळशी माणसाच्या सोयीचे होते.

वॉशिंग्टन विद्यापीठात शिकत असताना त्यांनी तत्त्वज्ञानाचा अभ्यास केला, आणि त्यांच्या विचारात ताओ परंपरा आणि झेन यांचे धागे उघड दिसतात. शिकण्यापूर्वी ठोसा हा केवळ ठोसा असतो, शिकताना तो केवळ ठोसा राहत नाही, आणि कला आत्मसात झाल्यावर तो पुन्हा केवळ ठोसा होतो, हे त्यांचे सुप्रसिद्ध विधान डोंगर आणि नद्यांविषयीच्या एका जुन्या झेन वचनाच्या घाटावर बेतलेले आहे. यातली मधली पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि नेमकी तीच मुलांना गाळायची असते. ठोसा म्हणजे कोपराचा कोन, टाचेचा रेटा, श्वास आणि अंतर असे अनेक तुकडे आहेत हे ज्याला कधी दिसलेच नाही, त्याचा साधेपणा हा शिकण्यापूर्वीचाच साधेपणा असतो. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात, हीच मोठी अडचण आहे, आणि म्हणून शिक्षक लागतो.

कृष्णमूर्तींचा संबंध मात्र उसना वाटत नाही. १९२९ मध्ये हॉलंडमधील ओमेन येथे कृष्णमूर्तींनी स्वतःभोवती उभी राहिलेली संघटना बरखास्त केली आणि सत्याकडे जाणारा ठरलेला मार्ग नसतो असे सांगितले. ली यांनी आपल्या शाळा बंद केल्या आणि त्यानंतर काही महिन्यांनी अंथरुणावर पडल्या पडल्या कृष्णमूर्ती वाचले. म्हणजे कृती आधी झाली होती आणि तिला शब्द नंतर सापडले. वाचून शहाणे झालेल्या माणसापेक्षा मला असा माणूस अधिक विश्वासार्ह वाटतो.

निवृत्त क्रीडाशिक्षक (कराड)

येथे आमच्या तालुक्यातल्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचे नाव अजून कसे आले नाही, याचे आश्चर्य वाटते. एक पद्धत अंगात मुरलेली असताना दुसरीत उतरायचे कसे, हाच आपल्या विद्यार्थ्याचा प्रश्न असेल, तर त्याला खाशाबांपेक्षा जवळचे उदाहरण नाही. लाल मातीत वाढलेला हा मल्ल १९४८ मध्ये लंडन ऑलिंपिकला गेला तेव्हा मॅट आणि तिथले नियम दोन्ही नवखे होते. मातीत चितपट केल्याशिवाय कुस्ती सुटत नाही. मॅटवर वेळ बांधलेली असते आणि गुण मोजले जातात. तरीही ते सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीला बँटमवेट गटात त्यांनी कांस्यपदक मिळवले, आणि ते स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक ठरले. त्या चार वर्षांत त्यांनी माती टाकली नाही. समोरच्याची मान काखेत धरून त्याला फेकण्याचा त्यांचा ढाक मॅटवरही चालत होता. बदलली ती डावाकडे जाण्याची वाट. त्याच गटात सुवर्णपदक मिळवणारे जपानचे शोहाची इशी हे मूळचे ज्युदोचे खेळाडू होते आणि युद्धानंतर ज्युदोवर निर्बंध आल्यामुळे कुस्तीकडे वळले होते. म्हणजे त्या पदकमंचावर दोघे जण एका कलेतून दुसरीत आलेले उभे होते, आणि शैली सोडण्याविषयी त्यांपैकी कोणी काही लिहून ठेवले असल्याचे माझ्या वाचनात नाही.

एक सूचना काळजीपोटी करतो. वर ज्या आजारपणाचा उल्लेख आला, ते आजारपण व्यायामातून ओढवलेले होते. ली यांनी १९७० मध्ये अंग पुरेसे गरम न करता सुमारे ५७ किलोचा लोखंडी दांडा खांद्यावर घेऊन कमरेतून पुढे वाकण्याचा व्यायाम केला, आणि त्यात कमरेखालच्या मज्जातंतूला इजा झाली. त्यांचे स्वतःचे वजन त्याहून फार अधिक नव्हते. काही महिने अंथरुणावर गेले, डॉक्टरांनी पुन्हा लाथ मारता येणार नाही असे सांगितले, आणि पाठदुखी पुढे कायमची सोबतीला राहिली. १९७३ मध्ये वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी ते गेले, त्याचे कारण वेगळे होते. ली यांचे पोट आणि पाठ छायाचित्रात पाहून वजनांच्या मागे लागणारी मुले मी पुष्कळ पाहिली आहेत. वाढत्या वयात त्यांच्याकडून जोर, बैठका आणि सूर्यनमस्कारच करून घ्यावेत. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्याच जिल्ह्यात सूर्यनमस्कार शाळांमधून रुजवले, तेव्हा त्यासाठी आपल्याला अमेरिकेतून दाखला आणण्याची गरज नाही.

कृष्णाकाठ (सांगली)

सर्वांचे मनापासून आभार. माझ्यापुरते मी पुढीलप्रमाणे ठरवले आहे आणि त्यात चूक दिसल्यास सांगावे. बेल्टच्या परीक्षेसाठी लागणारे काता मी बंद करणार नाही, परंतु प्रत्येक कातातली एक चाल निवडून ती विरोध करणाऱ्या जोडीदारावर रोज करून घेणार आहे. जी चाल तशी होऊच शकत नाही, ती का होत नाही हेही मुलांना दाखवणार आहे. तासगावच्या मुलाला स्पर्धेच्या नियमांत कंबर धरता येणार नाही हे समजावले आहे, पण आत शिरण्याची त्याची वेळ अचूक आहे, तेव्हा त्याच वेळेवर कंबरेऐवजी छातीवर सरळ ठोसा काढायला त्याला लावले. खाली झुकण्याची सवय जायला वेळ लागेल, कारण झुकल्यावर त्याचा हात लांब पोहोचत नाही. एक शंका मात्र उरते. तालमीची पार्श्वभूमी नसलेल्या शहरी मुलांना कोणी अंगाला भिडले की ती डोळे मिटतात आणि अंग चोरतात. हातमोजे आणि छातीचे संरक्षक कवच चढवूनही हे जात नाही. यावर काय करावे?

लाल माती (कवठेपिरान)

त्या मुलाला ठोसा काढताना गुडघे वाकू द्यात, फक्त पाठ वाकू देऊ नका. पट काढतानाही पाठ वाकवणाऱ्याला वस्ताद पाठीवर थाप देऊन सरळ करतात, त्यामुळे त्याला हे लवकर समजेल.

डोळे मिटणे हे ठोशाच्या भीतीने होत नाही, अंगाला अंग लागण्याची सवय नसल्याने होते, आणि कवच चढवल्याने ती सवय आणखी लांबते. मुलांना खडाखडी शिकवा. डाव नको, फेकणे नको. एकाने दुसऱ्याच्या मानेवर आणि मनगटावर हात ठेवायचा आणि त्याला आखलेल्या गोलाबाहेर रेटायचे, एवढेच. पहिले काही दिवस हसतील, मग चिडतील, आणि चिडायला लागली की डोळे आपोआप उघडे राहतात. वजनाला जोड नीट धरा, नाहीतर दांडग्या पोराला काही शिकायला मिळत नाही आणि बारक्याची धास्ती वाढते. शक्य असेल तर एखाद्या रविवारी सकाळी त्यांना जवळच्या तालमीत घेऊन जा. वस्तादांना आधी विचारा, ते नाही म्हणणार नाहीत, फक्त पोरांना आधी हौदा, म्हणजे आखाड्यातली माती, उकरायला लावतील आणि ते काम त्यांनी तक्रार न करता करावे. घड्याळ, कडे, गळ्यातली साखळी घरी ठेवायला सांगा आणि नखे आदल्या रात्रीच कापून घ्या.